फ्रेंच शिका, पण मराठीतून

"फ्रेंच का घेतलीस?" या प्रश्नाला कॉलेजात एक ठरलेलं उत्तर आहे: स्कोअरिंग आहे. त्यात खोटं काही नाही. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून मराठी घेतली तर निबंध आणि रसग्रहणात एकेक मार्क कापला जातो. फ्रेंच शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पेपर सोपा असतो आणि 'रिकाम्या जागा भरा'ला पैकीच्या पैकी पडतात. म्हणून ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठी बोलली जाते अशी मुलं मराठी सोडून फ्रेंचकडे जातात, दोन वर्षांनी मार्कशीट हातात घेतात आणि फ्रेंचही सोडून देतात. एका दगडात दोन भाषा.

मी फ्रेंचच्या विरोधात नाही. साहित्याची विद्यार्थिनी आहे, तीन वर्षं फ्रेंच शिकतेय, पुढेही शिकणार आहे. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते वाङ्मय मंडळाच्या अंकातच मांडायला हवं असं वाटलं. आपल्याला फ्रेंच जड जाते ती तिच्या अवघडपणामुळे कमी आणि इंग्रजीच्या दारातून आत शिरावं लागतं म्हणून जास्त. शेजारी मराठीचं दार सताड उघडं आहे, पण वर्गात जाताना आपण मराठी चपलांसारखी बाहेर काढून ठेवतो.

भूतकाळाचंच घ्या. पहिल्या वर्षी सगळ्यांचा घाम निघतो तो इथे. पुस्तक इंग्रजीतून समजावतं की काही क्रियापदं 'एत्र्' घेऊन चालतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात, बाकीची 'आव्वार' घेऊन चालतात आणि कर्म आधी आलं तर कर्माप्रमाणे बदलतात. इंग्रजीला या भानगडी माहीतच नाहीत. 'आय वेंट' म्हणणारा बाप्या आहे की बाई, 'आय रोट' म्हणताना निबंध लिहिला की चिठ्ठी, इंग्रजी क्रियापदाला कशाचंच सोयरसुतक नाही. मग मुलं नियमाचा तक्ता करतात, भिंतीला चिकटवतात, परीक्षा झाली की काढून टाकतात.

आता मराठीत बघा. तो गेला, ती गेली: क्रियापद कर्त्यामागे. मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली: इथे क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे गेलं. शाळेत आपण याला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणत होतो आणि तेव्हाही वैतागत होतो. पण बोलताना चार वर्षांचं पोरही यात चुकत नाही. फ्रेंचमध्ये जाणे, येणे, जन्मणे, मरणे ही क्रियापदं कर्त्यामागे जातात: तो मेला, 'इल ए मोर', ती मेली, 'एल ए मोर्त'. आणि 'मी लिहिलेला शब्द' म्हणजे 'ल मो क झे एक्री', पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणजे 'ला लेत्र् क झे एक्रीत'. शेवटी आलेला तो 'त' म्हणजे आपली 'ली'. फरक एवढाच की कर्म क्रियापदाच्या नंतर आलं तर फ्रेंच क्रियापद जागचं हलत नाही. तेवढं एक लक्षात ठेवायचं.

हा निव्वळ योगायोग नाही. मराठीचा हा भूतकाळ संस्कृतमधल्या 'लिखित'सारख्या धातुसाधितांवरून आला, फ्रेंचचा लॅटिनमधल्या तशाच धातुसाधितांवरून. गंमत म्हणजे मराठी भाषेच्या घडणीचा शास्त्रशुद्ध इतिहास लिहिला तो ज्यूल ब्लॉक या फ्रेंच माणसाने, फ्रेंचमध्ये, आणि तो १९२० साली पॅरिसला छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो मराठीत आणला म्हणून आपल्याला वाचता येतो. म्हणजे एका फ्रेंच माणसाने आपल्या भाषेचा सांगाडा तपासून ठेवला आहे, आणि आपण त्याची भाषा शिकताना आपल्या भाषेचं नाव काढत नाही.

उच्चारांचंही तसंच. फ्रेंच 'त' आणि 'द' दातांवरचे आहेत, आपल्यासारखे. इंग्रजीतून शिकलेला मुलगा 'ट्यू' म्हणतो आणि मग दोन वर्षं तो 'ट' घालवत बसतो. 'लेझामी'मध्ये दोन शब्द जोडले जातात तेव्हा न उच्चारला जाणारा 'स' अचानक 'झ' होऊन उभा राहतो. ज्याने शाळेत संधी सोडवले आहेत त्याला याचं नवल वाटू नये. लिहायचं पण बोलायचं नाही, या फ्रेंच खोडीला सगळे हसतात. पण १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची मराठी पुस्तकं उघडा. न उच्चारलेल्या अनुस्वारांचा पाऊस असतो त्यांत.

आकड्यांवर तर वर्गात हशाच होतो. ऐंशीला फ्रेंच लोक 'चार वीस' म्हणतात, नव्वदला 'चार वीस दहा', सत्तरला 'साठ दहा'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, वेडे आहेत का हे लोक? मला मात्र माझी आजी आठवली. शाळेत न गेलेली आजी संत्री मोजायची ती विसाच्या हिशेबाने. चार विसा नि दहा म्हणजे नव्वद. तिला 'कात्र्-वँ-दिस' समजावून सांगायला पाव मिनिट लागलं असतं.

आजीचं घर आणि आमचं घर एकच, जामसांवलीच्या रस्त्याला. तुमच्यापैकी नागपूरकडच्यांना जागा माहीत असेल. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाचं मंदिर तिथे आहे, आणि मंगळवार-शनिवारी गाड्यांची रांग लागते. आम्ही कॅथलिक, पण गावाचा पत्ता सांगायचा तर मंदिराच्या खुणेनेच सांगतो. पाटीवर 'जामसांवली' लिहिलेलं असतं, घरात आम्ही 'जामसावळी' म्हणतो. ती ळ आणि ल मधली दरी हाच आमच्या भागाचा इतिहास आहे. १९५६पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि छिंदवाड्याबरोबर सौंसर, पांढुर्णा इकडे राहिले. २०२३मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण राज्य तेच. घरात मराठी, कचेरीत हिंदी, शाळेत हिंदी.

आता फ्रेंचवरच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. सांगते. परदेशी भाषा शिकवणारे सगळे ज्या एका गोष्टीची भलामण करतात, ती 'इमर्शन', म्हणजे त्या भाषेच्या पाण्यात टाकलं जाणं, आमच्याकडचं प्रत्येक मराठी पोर सहाव्या वर्षी भोगून बसतं. पहिल्या दिवशी बाई काय बोलतात ते अर्धवट कळतं. पाणी प्यायला जायचं तर हिंदीत विचारावं लागतं, आणि तहान कोणासाठी थांबत नाही. दिवाळीपर्यंत मूल हिंदी बोलायला लागतं. याला कोणी सर्टिफिकेट देत नाही, याचा फोटो कोणी टाकत नाही. मंदिरापाशी नारळ-फुलं विकणारे तर त्याहून पुढे गेलेले. गाडीची नंबरप्लेट बघतात: एमएच-३१ असेल तर "या ताई, चपला इथं ठेवा", एमपी-२८ असेल तर लगेच हिंदी. भाषेची पातळी मोजायची परीक्षा त्यांनी कधी दिली नाही, पण गिऱ्हाईक सुटत नाही.

हे मी कौतुकानेच सांगतेय असं नाही. या पाण्यात पडलेली बरीच मुलं पोहायला शिकतात आणि मागचा काठ विसरतात. माझ्या बरोबरीच्या अनेकांना मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. मला येतं ते आईने रोज संध्याकाळची प्रार्थना मराठी पुस्तकातून वाचायला लावली म्हणून. पाण्यात पडल्याने भाषा येते हे खरं. जुनी भाषा कोणी हाताला धरून ठेवली नाही तर ती जाते हेही तेवढंच खरं.

मागच्या वर्षी उन्हाळी अभ्यासक्रमासाठी आम्ही काही जण चार आठवडे लियॉला गेलो. तिथे हे दोन्ही अनुभव परत आले. जाहिरातीत 'कल्चरल इमर्शन' असं मोठ्या अक्षरांत होतं. प्रत्यक्षात सकाळी नऊ ते बारा वर्ग, आणि दुपारी आपलीच टोळी ट्राममध्ये हिंदी-इंग्रजीत खिदळतेय. सोन नदीच्या काठावर फोटो, फुर्व्हिएरच्या टेकडीवर फोटो. बेकरीत आपण फ्रेंच वाक्य जुळवून म्हणावं, आणि समोरच्या मुलीने उच्चार ऐकून गोड इंग्रजीत उत्तर द्यावं. चार आठवडे असे घालवून परत आलेल्या मुलांची फ्रेंच विमानात बसताना होती तेवढीच उतरताना होती. दोष त्यांचा नाही. दहा ओळखीच्या माणसांबरोबर पाण्यात उतरलं तर कोणीतरी धरून ठेवणारच.

मला फ्रेंच आली ती स्वयंपाकघरात. मी ज्यांच्याकडे राहत होते त्या बाई सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना मादाम म्हणायचे. संध्याकाळी त्या शेंगा निवडत बसायच्या, मी समोर. एकदा त्यांनी विचारलं, तुझ्या गावात बघण्यासारखं काय आहे? माझ्याजवळ शब्द किती, तर फार फार तर चारशे. त्यात मी सांगायला घेतलं की आमच्याकडे एक देव आहे, त्याचं रूप वानराचं आहे, तो फार बलवान आहे, आणि आमच्या गावात तो आडवा पडलेला आहे. मादाम थांबल्या. शेंग हातात तशीच. "मोर?" मेलाय? मी म्हटलं, "नों, इल दोर." नाही, झोपलाय. मोर आणि दोर, एका अक्षराचं अंतर. मग त्यांनी विचारलं, का झोपलाय? दमलाय का? गावात याच्या दोन-तीन कथा सांगतात, त्या सगळ्या मला मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये उभ्या कराव्या लागल्या. शब्द अडला की हात, हात अडले की टेबलावरचा चमचा आडवा. मग त्यांनी विचारलं, पण तू तर रविवारी चर्चला जातेस ना? मग हा देव तुझा कसा? मी कॅथलिक मुलगी, चर्चला न जाणाऱ्या एका फ्रेंच बाईला फ्रेंचमध्ये समजावतेय की देव माझा नसला तरी गाव माझं आहे. त्या तासाभरात मी जेवढी क्रियापदं वापरली तेवढी अख्ख्या सेमिस्टरमध्ये वापरली नव्हती. आणि एकही वाक्य इंग्रजीतून आलं नव्हतं. डोक्यात मराठी होती, तोंडातून फ्रेंच येत होती, मधली मोलकरीण सुट्टीवर होती.

रविवारी मिस्सेला गेले तिथेही तेच. मिस्सेचा क्रम जगभर सारखा, त्यामुळे शब्द कळला नाही तरी कुठे आहोत ते कळतं. एक गोष्ट मादामनेच सांगितली. त्यांच्या लहानपणी प्रभूच्या प्रार्थनेत फ्रेंच लोक देवाला 'व्हू' म्हणायचे, म्हणजे आपलं 'आपण'. १९६६मध्ये ते बदलून 'त्यू' झालं, 'तू'. त्यांच्या आजीला ते शेवटपर्यंत उद्धट वाटलं म्हणे. मराठीत आपण देवाला पहिल्यापासून 'तू'च म्हणत आलोय, विठोबालाही आणि येशूलाही. सासऱ्यांना अहो-जाहो आणि देवाला अरे-तुरे! कुठे 'त्यू' आणि कुठे 'व्हू' हे शिकवायला आपल्या पुस्तकात अख्खा धडा आहे. मराठी मुलाला एक वाक्य पुरे: जिथे तू म्हणशील तिथे त्यू, जिथे तुम्ही किंवा आपण म्हणशील तिथे व्हू. दोन-चार जागी चुकेल, बाकी निभावेल.

उलट दिशेने हा प्रवास झाला तेव्हा इंग्रजी मध्ये नव्हतीच. आपण दरवर्षी स्टीफन्स आणि १६१६च्या 'ख्रिस्तपुराणा'चं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण त्याच गोव्यात एतिएन द ला क्रुआ नावाचा फ्रेंच जेझुइट होता. त्याने संत पीटरवरचं पुराण मराठी पद्यात रचलं आणि ते १६२९मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यातला मोठा भाग इथल्या लोकांच्या श्रद्धा खोडून काढण्यात गेलाय, आणि तो वाचताना मला, जामसांवलीच्या मुलीला, अवघडायला होतं. तरी एक प्रश्न उरतोच: फ्रान्सहून आलेल्या माणसाला मराठीत पद्य रचण्याइतकी भाषा आली कशी? ऐकणारे समोर बसलेले होते, आणि त्यांना कळेल असं बोलल्याशिवाय त्याचं काम होणार नव्हतं. आपल्या अगदी जवळच्या काळातले गी प्वातवँ बघा. १९७०च्या दशकात फ्रान्सहून पुण्याला आले आणि इथलेच झाले. हेमा राईरकर आणि खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्या बायकांबरोबर त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. जात्यावरची ओवी इंग्रजीतून समजून घेता येत नाही. त्यासाठी जात्यापाशी बसावं लागतं.

२०२४च्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आलेल्या मॅक्राँनी सांगितलं की २०३०पर्यंत भारतातले ३०,००० विद्यार्थी फ्रान्समध्ये शिकावेत असा त्यांचा मानस आहे. म्हणजे आपल्यातले आणखी बरेच जातील. जाणाऱ्यांमध्ये नेहमीसारखी घरून पैसे मिळणारी मुलंच जास्त असतील, हे वेगळं सांगायला नको. माझ्याही चार आठवड्यांसाठी बाबांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, आणि धाकट्या भावाची पाळी येईल तेव्हा ते उरणार नाहीत. म्हणून मला वाटतं की कॉलेजातून परदेशी पाठवायच्या मुलांची निवड करताना फक्त फ्रेंचचे मार्क बघू नयेत. घरची एक, शाळेची दुसरी आणि बाजाराची तिसरी भाषा बोलत वाढलेल्या मुलाला वेगळं काहीतरी येत असतं. न कळणाऱ्या वर्गात बसून राहण्याची त्याला सवय असते, आणि कळेपर्यंत तो उठून जात नाही. आणि पाठवलंच तर टोळीने एका वसतिगृहात ठेवू नका. एकेकाला एकेका घरात टाका, शक्यतो जिथे इंग्रजी येत नाही अशा घरात.

माझा मावसभाऊ नागपूरला यंदा अकरावीत जातोय. मराठी घेऊ की फ्रेंच, असं त्याने मेसेज करून विचारलं. त्याची मावशी म्हणतेय फ्रेंच, मार्क मिळतील. ही मावशी म्हणजे माझी आई, जिने मला मराठी वाचायला लावली! मी त्याला लिहिलं की मार्कांसाठी घेणार असशील तर मराठी घे, निदान दोन मार्क कमी पडले तरी हातात काही राहील. पण खरंच शिकायची असेल तर फ्रेंच घे, आणि आठवड्यातून एक मराठी पुस्तक वाचायचं कबूल कर, कारण त्या मराठीवरच तुझी फ्रेंच उभी राहणार आहे. त्याने अंगठा पाठवलाय. कशाला अंगठा ते कळायला मार्ग नाही.

फ्रेंचचं सगळंच मराठीतून सुटेल असा माझा दावा नाही. 'त्यू'मधला तो स्वर मराठीत नाही, हिंदीत नाही, इंग्रजीतही नाही. घशातला 'र' तीन वर्षांनंतरही माझ्या घशात अडकतो. पण तोही मराठीत सांगता येतो. मंडळातल्या आम्ही चौघींनी दर गुरुवारी वर्ग सुटल्यावर एक वही लिहायला घेतली आहे: मराठी मुलांसाठी फ्रेंच, मराठीतून. भूतकाळाचा धडा झालाय, आकड्यांचा आजीच्या विसांसकट झालाय, लिंगांचा चाललाय (खुर्ची दोन्हीकडे बाई आहे, चंद्र तिकडे बाई होतो, आणि आपल्या नपुंसकलिंगी पुस्तकाला तिकडे पुरुष व्हावं लागतं). त्या स्वराच्या पानावर सध्या एवढंच लिहिलंय: तोंडात 'ई' म्हणा, जीभ हलवू नका, आणि ओठ 'ऊ'सारखे करा. ज्यांना याहून चांगलं सांगता येत असेल त्यांनी गुरुवारी यावं. वही मंडळाच्या कपाटात असते.